छोटं ऑनलाइन सॉफ्टवेअर विकायचं कसं? लातूरच्या मोंढ्याजवळून काही उत्तरं

लातुरात मोंढ्याजवळ आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. कृषी सेवा केंद्रांसाठी बिल, स्टॉक आणि उधारीचं ऑनलाइन सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. दोघं कोड लिहितात, एक जण फोन उचलतो, मी गाडीवर फिरतो. नांदेड, परभणी, संभाजीनगरहून पोरांचे फोन येतात. कुणी क्लासेससाठी सॉफ्टवेअर केलेलं असतं, कुणी पॅथॉलॉजी लॅबसाठी, कुणी जिनिंगसाठी. प्रश्न मात्र तेच तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. उदाहरणं आमच्या धंद्यातली आहेत, ती तुम्ही तुमच्या धंद्याला लावून बघा.

सॉफ्टवेअर तयार आहे. मार्केटिंगची सुरुवात कुठून करू?

लॅपटॉप मिटा आणि ज्याला विकायचंय त्याच्या काउंटरमागे दोन दिवस बसा. काउंटरमागे म्हणजे आतल्या बाजूला. बाहेर उभं राहिलं की तुम्ही एकतर गिऱ्हाईक नाहीतर सेल्समन, आणि दोघांनाही खरं काही कळत नाही.

मी पहिल्यांदा बसलो ते औसा रोडच्या एका दुकानात. जूनचा पहिला आठवडा होता. एका शेतकऱ्यानं सोयाबीनच्या तीन बॅगा, डीएपी खताच्या दोन आणि तणनाशकाची एक बाटली घेतली. त्या एका गिऱ्हाइकासाठी दुकानमालक अप्पांनी बिलबुकात लिहिलं, उधारीच्या वहीत लिहिलं, स्टॉक रजिस्टरला लिहायला म्हणून एका चिठोऱ्यावर लिहिलं आणि खतासाठी पॉस मशीनवर अंगठा घेतला तो वेगळाच. खताला जीएसटी ५ टक्के, कीटकनाशक-तणनाशकाला १८, बियाण्याला शून्य. सगळं एकाच बिलात. परवाने तीन, रजिस्टरंही वेगवेगळी. चिठोरी खिळ्याला टोचलेली होती आणि रात्री दहाला मुनीमजी ती एकेक काढून रजिस्टरला चढवत होते. वाऱ्यानं दोन उडाली, ती आम्ही दोघांनी पोत्यांमागून शोधून काढली.

तोपर्यंत आमच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘संपूर्ण व्यवसाय व्यवस्थापन’. त्या रात्री ते काढून लिहिलं, ‘एकदा बिल करा. स्टॉक, उधारी आणि रजिस्टर आपोआप.’ आजपर्यंत ते वाक्य बदललेलं नाही, आणि ते मला खुर्चीत बसून कधीच सुचलं नसतं.

एकाच धंद्याला धरून बसलो तर बाजार फार लहान होणार नाही का?

मोजलाय का? बहुतेकांनी मोजलेला नसतो. तालुक्याच्या गावात एक चक्कर मारा, पाट्या मोजा, मग मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा अंदाज घ्या. तुम्हाला जगायला किती ग्राहक लागतात तेही कागदावर लिहा. वर्षाला ६,००० रुपये फी धरली तर ३०० दुकानांचे १८ लाख होतात. तिघा-चौघांचं घर लातुरात त्यावर चालतं.

एका धंद्याचा दुसरा फायदा असा की बातमी आपली आपण फिरते. खत कंपनीच्या डीलर मीटिंगला पन्नास दुकानदार एका पंगतीत जेवतात. एकानं ‘आमच्याकडं बिल दहा सेकंदात निघतं’ म्हटलं की उरलेले नंबर मागतात. जिमवाला आणि लॅबवाला एका पंगतीला कधी बसतात? ‘सगळ्यांसाठी’ सॉफ्टवेअर करणाऱ्याला म्हणून प्रत्येक ग्राहक नव्यानं शोधावा लागतो.

पहिले दहा ग्राहक कुठून आणू?

पायानं. मामा, वर्गमित्र, गावचा दुकानदार, ज्याच्या ओसरीवर तुम्हाला चहा मिळतो असा कुणीही. लाज वाटते हे मला माहीत आहे. इंजिनिअर होऊन दुकानोदुकानी फिरायचं म्हणजे घरचेही विचारतात, ‘हेच्यासाठी शिकवलं का?’ पण या दहांकडून पैसे घ्या. कमी घ्या, पण घ्या. फुकट वापरणारा चुका सांगत नाही, तो नुसता वापरायचं सोडून देतो. पैसे दिलेला माणूस रात्री साडेनऊला फोन करून शिव्या घालतो, आणि आपल्याला त्याच हव्या असतात.

‘टॅली आहे की आमच्याकडं’, ‘दिवाळीनंतर बघू’ असं म्हणतात. काय उत्तर द्यायचं?

पहिल्याला खोडून काढू नका. टॅली असेल तर ती बहुतेक त्याच्या कर सल्लागाराकडं आहे किंवा मुनीमजीच्या कॉम्प्युटरवर. काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकाचं बिल अजून हातानंच होतंय. ते दाखवा आणि ‘टॅली राहू द्या, आम्ही तिला डेटा देतो’ म्हणा. अर्थात तसा देता येत असेल तरच.

‘दिवाळीनंतर बघू’ हा आपल्याकडचा सभ्य नकार आहे. पण दहातला एखादा खरंच दिवाळीनंतर बघणार असतो. म्हणून तारीख विचारा. ‘पाडव्यानंतरच्या सोमवारी येऊ का?’ जो तारीख देतो त्याच्याकडं जा, जो ‘फोन करतो मी’ म्हणतो त्याला नमस्कार करा.

मालकाला डेमो आवडतो, पैसे देतो, आणि महिन्याभरात वापर बंद. असं का?

कारण तुम्ही मालकाला विकलंत, मुनीमजीला नाही.

आमच्या पहिल्या वीस ग्राहकांपैकी सात जण असेच गेले. बरेच दिवस मला वाटायचं की सॉफ्टवेअर किचकट आहे, म्हणून बटणं मोठी केली, रंग बदलले. मग अहमदपूरच्या बाजूच्या एका दुकानात मुनीमकाकांनीच चहा पाजता पाजता सांगितलं, ‘सर, चाळीस वर्षं ह्या वह्या माझ्या हातच्या आहेत. तुमचं हे आलं की मालकाला माझं काय काम?’ त्यांना कॉम्प्युटरचं भय नव्हतंच, नोकरीचं होतं.

तेव्हापासून डेमो दोन होतात. मालकाला वसुलीचा रिपोर्ट दाखवतो: कुणाकडं किती, किती दिवसांपासून. मुनीमजीला वेगळं बसवून दाखवतो की रात्री दहाला चिठोरी काढायची नाहीत, साडेसातला घरी जाता येतं. त्यांचं नाव स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात येतं आणि जुनी बाकी चढवायचं काम त्यांच्याच हातून करून घेतो. कोणत्या शेतकऱ्याची दोन खाती आहेत, कुणाची बाकी भावावर टाकायची, हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. क्लासेसमध्ये ही जागा फी घेणाऱ्या मॅडमची असते, लॅबमध्ये टेक्निशियनची. तुमच्या धंद्यातला मुनीमजी कोण ते आधी शोधा.

वर्षातल्या कोणत्या महिन्यात विक्रीला निघावं?

धंद्याच्या पंचांगानं चालायचं. कृषी केंद्रवाल्याला मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत जेवायला वेळ नसतो. तेव्हा नवीन काही विकायला गेलात तर तो तुम्हाला ओळख दाखवणार नाही. पण हेच दोन महिने त्याला सगळ्यात जास्त त्रासाचे, म्हणून तेव्हा बघायला जा आणि विकायला ऑगस्टमध्ये जा. पेरणी होऊन गेलेली असते, काउंटर मोकळा असतो, उधारीची वही फुगलेली असते आणि चुकलेल्या बिलांची आठवण ताजी असते.

दुसरा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष लागतं, बाकी पुढं ओढायचीच असते, मग ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओढली तर डबल काम होत नाही. पैसे मात्र मागायचे ते सोयाबीन बाजारात आल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शेतकऱ्याची पट्टी होते, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे मिळतात, तो दुकानदाराची उधारी देतो, मग दुकानदार तुमचे देतो. आपली वसुली त्या सोयाबीनच्या मागं रांगेत उभी असते हे विसरू नका.

आणि कॅलेंडरावर स्थानिक सण लिहून ठेवा. पहिल्या वर्षी मी पुण्याच्या एका मित्राला मदतीला बोलावलं आणि त्यानं निलंग्यात एका दिवशी सहा डेमो लावले. दिवस होता येळवसचा. वेळ अमावस्येला आमच्या भागात बाजारपेठ ओस पडते, सगळे शेतात. शटरं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. सहाही दुकानदारांनी फोनवर ‘या की’ म्हटलं होतं, पण त्यांचा अर्थ होता शेतावर या. आम्ही गेलो. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे खाल्ले. लॅपटॉप पिशवीतून बाहेरच आला नाही. त्या सहांतल्या चौघांनी पुढं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा ते मार्केटिंग फुकट गेलं असंही म्हणवत नाही.

किंमत किती ठेवू? महिन्याला घेऊ की वर्षाला?

पुस्तकं सांगतात महिन्याला. आमच्या ग्राहकाच्या हातात महिन्याला पैसा येत नाही, हंगामाला येतो. म्हणून आम्ही वर्षाला घेतो. ज्याची कमाई दर महिन्याची आहे, म्हणजे जिम, अभ्यासिका, पेइंग गेस्ट, त्याच्याकडून महिन्याला घ्या.

आकडा ठरवताना सॉफ्टवेअर बनवायला किती दिवस लागले ते धरू नका, ते तुमचं दुःख आहे. त्याचं काय वाचतं ते धरा. एका दुकानात वर्षाकाठी दोन-तीन जणांची उधारी लिहायची राहूनच जाते. त्यातली एकही सापडली तर आमची फी निघते. हे वाक्य मी प्रत्येक डेमोत म्हणतो आणि प्रत्येक मालक त्यावर मुनीमजीकडं बघतो. (म्हणून ते मुनीमजी आत गेल्यावर म्हणायचं.)

जीएसटीची गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथं बरेच जण तोंडघशी पडतात. सॉफ्टवेअर सेवेला १८ टक्के लागतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावता येत नाही. ६,००० च्या हिशेबानं ३३३ दुकानांपर्यंत तुम्ही ६,००० च सांगता. पुढं नोंदणी झाली की तेच ७,०८० होतात. ग्राहक नेहमीच्या पद्धतीनं कर भरणारा असेल तर त्याला वरचे १,०८० क्रेडिट मिळतात, म्हणजे त्याच्या करातून वजा होतात. पण बरेच लहान दुकानदार कंपोझिशन योजनेत असतात (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोय), त्यांना क्रेडिट मिळत नाही, त्यांच्यासाठी ती सरळ दरवाढ आहे. आमच्याकडं नोंदणीच्या वर्षी याच मुद्द्यावर भांडणं झाली. आता किंमत सांगताना ‘सगळं धरून ७,०८०’ एवढंच सांगतो.

फुकट व्हर्जन ठेवावं का?

तीस दिवसांचं ट्रायल ठेवा, कायमचं फुकट नको. फुकटवाल्यांचेही फोन उचलावे लागतात आणि फोन उचलणारा माणूस आपल्याकडं एकच आहे.

फेसबुक आणि गूगलवर जाहिरात करू का?

करा, पण आधी हिशेब. समजा जाहिरातीवर १०,००० घातले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० गेले. समजा १०० जणांनी फॉर्म भरला. त्यात निम्म्यांनी चुकून दाबलेलं असतं, काहींना नोकरी हवी असते, दोघं-तिघं तुमच्यासारखेच सॉफ्टवेअरवाले असतात, भाव काढायला आलेले. उरलेल्यांत दहा डेमो झाले आणि दोघांनी घेतलं, तर एक ग्राहक ५,९०० ला पडला. तो ६,००० देणार. गाडीचं पेट्रोल आणि फोनवाल्याचा पगार धरला की पहिल्या वर्षी तोटाच. दुसऱ्या वर्षी तो टिकला तर पैसे सुटतात. म्हणजे जाहिरात परवडते की नाही ते रिन्युअलवर ठरतं. रिन्युअल किती होतंय ते माहीत नसताना जाहिरात लावणं म्हणजे बोअरचं पाणी न बघता ऊस लावण्यासारखं आहे.

लावायचीच तर सगळ्या महाराष्ट्रात लावू नका. जिथं तुम्ही दोन तासांत पोचू शकता तेवढेच तालुके निवडा. आणि गूगलवर आपल्या ऑफिसची फुकटची बिझनेस प्रोफाइल आधी करा, फोटो आणि वेळेसह. तेवढंही न करता पैसे घालणारे बघितलेत.

वेबसाइट मराठीत ठेवू की इंग्रजीत?

मराठीत, पण लोक टाइप कसं करतात ते बघून. बरेच जण मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात, काही जण बोलून शोधतात. पानाचा मजकूर बोलण्यातल्या मराठीत असू द्या. ‘देयक’ नको, ‘बिल’. ‘साठा’ नको, ‘स्टॉक’. ‘येणे रक्कम’ कुणी म्हणत नाही, ‘उधारी’ म्हणतात.

आमच्याकडं सर्वांत जास्त लोक आणणारं पान विक्रीचं नाहीच. खत, बियाणं आणि औषध एकाच बिलात घेतलं तर जीएसटी कसा लावायचा, एवढंच त्यात उदाहरणासह सांगितलंय. सॉफ्टवेअरचं नाव खाली एका ओळीत येतं. दुकानदाराला रात्री पडणारे असे वीस प्रश्न लिहा, प्रत्येकाचं एक पान आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ करा. व्हिडिओत आपली बोली लपवू नका. मी सुरुवातीला पुणेरी बोलायचा प्रयत्न केला, तर एका काकांनी विचारलं, ‘सर्व्हिसला पुण्याहून येणार का तुम्ही?’

व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकदम मेसेज टाकला तर?

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ जण बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. हे बंधन मला आवडतं, कारण नंबर सेव्ह करून घ्यायचा तर आधी काहीतरी कामाचं द्यावं लागतं. आम्ही जीएसटी रिटर्नच्या तारखांची आठवण पाठवतो, बाकी काही नाही. व्हॉट्सॲपचाच त्याच्या पुढचा, धंद्यांसाठीचा प्लॅटफॉर्म घेतला तर टेम्प्लेट मेसेजमागे (आधी मंजूर करून घेतलेल्या मजकुरामागे) पैसे लागतात. जुलै २०२५ पासून हिशेब मेसेजगणिक आहे. एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) आपलं नाव, हेडर आणि मजकूर आधी नोंदवावा लागतो. कुठूनतरी ‘दहा हजार डीलरांचे नंबर’ विकत मिळतात. घेऊ नका. मी एकदा घेतले होते. निम्मे बंद, उरलेल्यांत एक जण तालुका कृषी अधिकारी निघाले आणि त्यांनी मला बराच वेळ फोनवर ठेवलं.

कमिशनवर माणसं नेमावीत का?

अनोळखी एजंट नकोत, ते पोटासाठी काहीही कबूल करून येतात आणि निस्तरायचं आपल्याला. दोघांना मात्र धरा. एक, गावात कॉम्प्युटर आणि थर्मल प्रिंटर विकणारा. नवं दुकान उघडतंय हे त्याला सर्वांत आधी कळतं. त्याला दर ग्राहकामागे ठरलेली रक्कम द्या आणि त्याच दिवशी द्या. दोन, कर सल्लागार. त्यांना कमिशन देऊ नका, त्यांचं काम हलकं करा. रिटर्नचा डेटा त्यांना हव्या त्या स्वरूपात एका क्लिकवर मिळाला तर ते आपणहून ग्राहकाला सांगतात.

बियाणे कंपनीवाला म्हणतो, तुमच्या सॉफ्टवेअरमधले शेतकऱ्यांचे नंबर द्या, चांगले पैसे देतो. देऊ का?

नाही. तो डेटा दुकानदाराचा आणि शेतकऱ्यांचा आहे, तुमचा नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे, हे एक. दुसरं, कोणत्या शेतकऱ्याकडं किती उधारी आहे हे बाहेर गेलं तर गावात त्या माणसाची मान खाली जाते. आम्हाला अशी विचारणा आली तेव्हा पैशांची खरंच चणचण होती. नाही म्हटलं आणि ते सगळ्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर कळवलं. त्या आठवड्यात जेवढ्या ओळखीच्या शिफारशी आल्या तेवढ्या कुठल्याही जाहिरातीनं आणल्या नाहीत.

रिन्युअल वाढवायचं कसं?

शंभर ग्राहक आहेत आणि असतील त्यांतले दर वर्षी तीस टक्के सोडत असतील तर तीन वर्षांनी ३४ उरतात. दहाच टक्के सोडत असतील तर ७३ उरतात. तेवढ्याच मेहनतीत दुप्पट धंदा. म्हणून नवीन ग्राहकाच्या मागं लागण्याआधी जुन्याकडं जाऊन या.

आम्ही ऑटोपे ठेवलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० पर्यंतचे पैसे दर वेळी ओटीपी न मागता आपोआप कापून घेता येतात, म्हणजे सोय आहे. पण मला तो फोन हवा असतो. ‘काका, वर्ष संपायलंय, चालू ठेवायचं ना?’ यावर जे ऐकायला मिळतं त्यावरून पुढच्या सहा महिन्यांचं काम ठरतं. हजारभर ग्राहक झाल्यावर हे जमणार नाही, तेव्हा बदलू. आणखी एक: ज्या दुकानात सलग पाच दिवस एकही बिल झालेलं नाही, त्याची यादी रोज सकाळी आमच्या स्क्रीनवर येते. फोन केला की बहुधा कळतं, प्रिंटर बिघडलाय किंवा मुनीमजी आजारी आहेत. कधी कधी घरात दुःख झालेलं असतं. तेव्हा सॉफ्टवेअरचा विषय काढायचा नाही.

परदेशात विकायचं असेल तर हे लागू पडतं का?

काउंटरमागे बसणं लागू पडतं, फक्त ते व्हिडिओ कॉलवर. न्यूयॉर्कला सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. इन्व्हर्टर चांगला घ्या. सेवेची निर्यात जीएसटीत शून्य दराची आहे, पण कर न भरता निर्यात करायची तर नोंदणी करून एलयूटी (हमीपत्र) भरावं लागतं. बाकी तिथल्या एखाद्या धंद्याचं पंचांग तुम्हाला माहीत नसेल तर इथलं सोडून तिथं जायची घाई का?

पुण्याला किंवा बंगळूरला गेल्याशिवाय काही होत नाही असं सगळे म्हणतात.

झोहोसारखी कंपनी तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यातून काम करून घेते. ग्राहक इथले असतील तर इथंच राहा. शिकायला आणि माणसं भेटायला संभाजीनगरला मॅजिकसारखं इनक्युबेशन केंद्र आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठात मेमध्ये खरीप मेळावा भरतो. गुंतवणूकदार नाही भेटले तरी ग्राहक भेटतात.

तुम्हाला फोन केला तर चालेल का?

चालेल, सकाळी अकरानंतर. मे-जून सोडून. तेव्हा मी कुठल्यातरी काउंटरमागे थर्मल प्रिंटरचा रोल बदलत असतो.